टॅरोचा बारावा पत्ता, उलटा टांगलेला माणूस: त्याग, शिक्षा की थांबणं?

कंबरतलाव

नमस्कार मंडळी,

टॅरोवर, म्हणजे भविष्य पाहायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांवर, इथे याआधी चर्चा झाल्या आहेत, पण त्या 'खरं की खोटं' या वळणावर गेल्या आणि तिथेच संपल्या. मला या धाग्यात फक्त एका पत्त्याबद्दल बोलायचं आहे. मेजर अर्कानातला, म्हणजे बावीस मोठ्या चित्रपत्त्यांतला बारावा, हँग्ड मॅन.

निमित्त घरातलंच आहे. माझी धाकटी जाऊ इथल्या एका युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिला बढती देऊ केली आहे, पण ती घेतली तर आठवड्यातले तीन-चार दिवस पुण्याला राहावं लागणार. घरी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, मुलगी दहावीला. कोणीतरी सुचवलं म्हणून ती पैसे भरून एका टॅरो वाचणाऱ्या बाईंकडे गेली आणि नेमका हा पत्ता निघाला. त्यांनी सांगितलं, "हा बलिदानाचा पत्ता. घरासाठी त्याग तुम्हालाच करावा लागणार, बढतीचा विचार सोडा." आणि लगेच पुढचा पत्ता उघडला. जाऊ घरी आली ती दोन दिवस कोणाशी नीट बोलली नाही.

मी स्वतः पत्ते वाचते. धंदा म्हणून नाही, मैत्रिणी जमल्या की. मला या प्रकाराचा मनापासून राग आला, कारण या पत्त्यात 'त्याग कर' असं कुठेही काढलेलं नाही. ज्यांच्याकडे रायडर-वेट संच असेल त्यांनी पत्ता समोर ठेवून पुढचं वाचा.

मागे नुसता करडा रंग. या संचातल्या बऱ्याच पत्त्यांत पाठीमागे डोंगर, नदी, वाडे, माणसं असं काहीतरी असतं. इथे काहीच नाही, नजर दुसरीकडे जायला जागाच ठेवलेली नाही. मधोमध इंग्रजी टी अक्षरासारखा लाकडी सांगाडा, आणि त्याला हिरवी पानं फुटलेली. म्हणजे लाकूड जिवंत आहे. आडव्या दांडीला उजवा पाय दोराने बांधलाय. डावा पाय गुडघ्यात दुमडून उजव्याच्या मागे नेलाय, त्यामुळे दोन पायांचा मिळून इंग्रजी चारचा आकडा होतो. अंगात निळा अंगरखा, पायात तांबडी तंग विजार. केस खाली लोंबतायत. डोक्याभोवती पिवळं तेजोवलय. आणि चेहरा! कपाळाला आठी नाही, तोंड वासलेलं नाही. पत्ता उलटा धरून नुसता चेहरा पाहिला तर हा माणूस संकटात आहे असं कोणी म्हणणार नाही.

आता दोन गोष्टी ज्या चित्रात दिसत नाहीत. हात पाठीमागे आहेत, पण ते बांधलेत की त्यानेच मागे घेतलेत, हे कळत नाही. आणि पायाचा दोर कोणी बांधला, तेही कळत नाही. बहुतेक पुस्तकं ठामपणे सांगतात की तो स्वखुशीने लटकलाय. चित्र तसं सांगत नाही. चित्र गप्प आहे. म्हणून हा पत्ता आला की मी समोरच्या बाईला आधी हेच विचारते: तुझ्या पायातला दोर कोणी बांधलाय? तुझा तूच, की दुसऱ्या कोणी? याचं उत्तर आल्याशिवाय त्याग हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असं माझं मत आहे.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः या चित्राचा इतिहास कोणाला माहीत असेल तर.

बाळीवेसकर

वाचतोय. चांगला विषय. मला टॅरोतलं काही कळत नाही, पण उलटं टांगलेलं म्हटलं की आपल्याला पहिला वेताळच आठवणार. झाडावरचं प्रेत, आणि ते खांद्यावर घेऊन निघालेला विक्रम. तिथेही टांगलेला आहे तोच सगळ्यात शहाणा निघतो. कोडी तो घालतो, राजा उत्तरं देतो.

चित्रशाळा

मी शाळेत चित्रकला शिकवतो. टॅरोवर विश्वास आहे म्हणून नव्हे, तर चित्र म्हणून या संचाचा बराच अभ्यास केलाय. कंबरतलाव ताईंनी चित्र जसं वाचलंय तसं वाचणारे फार थोडे. इतिहास विचारलात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा संच १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशकांनी काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. जगभर त्याला रायडर-वेट म्हणतात आणि जिने अठ्ठ्याहत्तर पत्ते काढले तिचं नाव गाळतात, याची मला खंत वाटते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने छायाचित्रकार स्टीगलिट्झ यांना पत्र लिहिलं होतं, त्यात फार थोड्या पैशांत मोठं काम नुकतंच संपवलंय असा उल्लेख आहे. ते काम म्हणजे हेच पत्ते. १९५१ मध्ये ती गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. पत्त्यांवर तिची सही असते, तीन अक्षरं एकात एक गुंफलेली. एकदा शोधून पाहा.

आता मूळ चित्र. टॅरो हा सुरुवातीला खेळ होता, पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला. हुकमाची पानं असतात तशी त्यात बावीस चित्रपानं. त्यावरून भविष्य पाहणं फार नंतरचं, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. त्या काळच्या इटलीत उलटं टांगलेला माणूस कोण, हे रस्त्यावरच्या पोरालाही कळायचं. फितूर. जुन्या इटालियन याद्यांत या पत्त्याला गद्दार असंच म्हटलेलं सापडतं. फितुरी करून पळालेला, लोकांचे पैसे बुडवून परागंदा झालेला, असा माणूस हाती लागला नाही तर त्याचं एका पायाने टांगलेलं चित्र भर चौकातल्या भिंतीवर रंगवायचे. माणूस सापडला नाही तरी अब्रू टांगायची. १४४० मध्ये फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो इमारतीवर अशी चित्रं काढण्याचं काम आंद्रेया देल कास्तान्यो या चित्रकाराला मिळालं, आणि त्याला पुढे लोक 'टांगलेल्यांचा आंद्रेया' म्हणूनच ओळखू लागले. १४७८ मध्ये मेदिची घराण्याविरुद्ध पाझ्झींचा कट झाला, त्यानंतर असंच काम बोत्तिचेल्लीने केलं. ज्याची व्हीनस आपण कॅलेंडरवर पाहतो, तोच बोत्तिचेल्ली.

यातला एक धागा मला फार विलक्षण वाटतो. मुत्सिओ आत्तेंदोलो स्फोर्झा नावाचा एक भाडोत्री सरदार होता. १४१२ मध्ये तो तेविसाव्या जॉन या पोपची चाकरी सोडून शत्रूला मिळाला. हा तोच जॉन, ज्याला पुढे चर्चने अधिकृत पोप मानलं नाही. त्याने रोमच्या पुलांवर आणि वेशींवर मुत्सिओचं उजव्या पायाने टांगलेलं चित्र लावायला सांगितलं. पुढे मुत्सिओचा मुलगा फ्रान्चेस्को मिलानचा ड्यूक झाला. आज शिल्लक असलेल्या सगळ्यात जुन्या संचांपैकी एक, विस्कोन्ती-स्फोर्झा, याच दरबाराशी जोडला जातो. आणि त्यात टांगलेला माणूस आहे! बापाची बदनामी ज्या चित्राने झाली, ते चित्र मुलाच्या घरातल्या खेळात होतं. खेळताना ते पान हातात आल्यावर त्यांना काय वाटत असेल, याचा मी अनेकदा विचार केलाय.

आणखी एक जुना संच आहे, फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्सच्या नावाने ओळखला जाणारा. त्यातल्या टांगलेल्या माणसाच्या दोन्ही हातांत पैशाच्या थैल्या आहेत. तिथे पाहणाऱ्याला थेट येशूला चांदीच्या नाण्यांसाठी पकडून देणारा ज्यूडास आठवतो.

मग मार्सेय या फ्रेंच शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे संच आले. त्यात टी नाही. दोन उभे खांब, वर आडवी दांडी, आणि खांबांच्या फांद्या छाटलेल्या, प्रत्येकी सहा खुंट. १९०९ मध्ये स्मिथबाईंनी काय केलं पाहा. खुंटांच्या जागी पालवी आली, आणि डोक्याभोवती वलय आलं, जे त्याआधीच्या मार्सेय पत्त्यांत नव्हतं. साडेचारशे वर्षं जो गुन्हेगार होता, त्याला या दोन बदलांनी एकदम साधूच्या पंगतीला बसवलं. पत्त्याचा आजचा सगळा अर्थ या दोन बदलांतून आलेला आहे.

म्हणून ताईंचा प्रश्न मला इतिहासाच्या अंगानेही पटतो. भिंतीवरच्या चित्रात दोर सरकारने बांधला होता. १९०९ च्या पत्त्यात तो प्रश्न मोकळा सोडलाय.

पार्कचौक

चित्रशाळा सरांचा प्रतिसाद फार आवडला. पण मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे, आणि ती सोलापूरचा माणूस म्हणूनच मांडतोय.

आपल्या गावात टांगलेला माणूस म्हटलं की इटलीतला फितूर कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. चार हुतात्मे येतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, गाव पेटून उठलं, मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. दरवर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या तोंडावर, नंदीध्वजांच्या तयारीची गडबड चालू असतानाच तो दिवस येतो. माझे आजोबा त्या दिवशी पुतळ्यांना हार घालून आल्याशिवाय चहा घेत नसत.

पत्त्याचा नंबर बारा, तारीख बारा. डोक्याभोवती वलय, चेहऱ्यावर शांती, जिवंत झाड. मला तर यात हौतात्म्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. वलय उगाच काढतात का? आणि हौतात्म्य म्हणजे त्यागच ना. तेव्हा त्या वाचणाऱ्या बाईंनी सल्ला चुकीचा दिला असेल, पण पत्त्याचा अर्थ चुकीचा सांगितला असं मला वाटत नाही.

कंबरतलाव

पार्कचौक, तुमच्या भावनेला माझा नमस्कार. मीही शाळेतून त्या पुतळ्यांपाशी रांगेत उभी राहिलेली आहे. तरीही इथे मला तुमचं म्हणणं मान्य करता येत नाही, आणि कारण स्पष्ट सांगते.

एक म्हणजे ज्यांनी पत्ता आखला त्या वेट यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की या पत्त्याला हौतात्म्याचा पत्ता म्हणतात ते खोटं आहे. सावधपणाचा, कर्तव्याचा म्हणतात तेही त्यांनी नाकारलंय. त्यांचा भर तीन गोष्टींवर आहे: झाड जिवंत आहे, चेहऱ्यावर वेदना नसून खोल तंद्री आहे, आणि एकूण चित्र थबकलेल्या आयुष्याचं आहे, पण आयुष्याचंच, मरणाचं नाही. मरण पुढच्या पत्त्यात आहे, तेराव्यात, घोड्यावर बसून येतं.

दुसरं. दोर पायाला आहे, गळ्याला नाही. येरवड्यात दोर गळ्याला होता. तो दोर परक्या सरकारने बांधला, पाठीमागे खटला होता, शिक्षा होती. ती चार माणसं थबकलेली नव्हती. ती काहीतरी करत होती, म्हणून तर सरकारला त्यांची भीती वाटली. त्यांना या पत्त्यात बसवलं तर पत्त्याचं थांबणंही हरवतं आणि त्यांचं झुंजणंही. मला हे दोन्ही हरवू द्यायचं नाही.

बारा आकड्याचं म्हणाल तर विस्कोन्ती-स्फोर्झा संचातल्या पानांवर आकडेच नाहीत. नंबर नंतर पडले. योगायोग मनाला भिडतो हे खरं, मलाही भिडला. पण त्यावर अर्थ उभा करायला मी धजणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हौतात्म्य हे माणूस स्वतः पत्करतो. दुसऱ्या बाईला समोर बसवून 'तू त्याग कर' असं फर्मान काढणं, याला हौतात्म्याचं नाव द्यायला नको.

पारायण

फार सुंदर धागा. बाळीवेसकरांनी वेताळाचा उल्लेख केला, त्याला जोडून आणखी दोन टांगलेले आठवले. दोन्ही महाभारताच्या आदिपर्वातले, आणि दोघांच्या बाबतीत 'दोर कोणी बांधला' या प्रश्नाचं उत्तर अगदी उलट आहे.

पहिले वालखिल्य. अंगठ्याएवढे ऋषी, झाडाच्या फांदीला खाली डोकं वर पाय करून तप करत होते. गरुड हत्ती आणि कासव घेऊन त्या फांदीवर बसला, फांदी मोडली. खाली पाहतो तर ऋषी लटकलेले! फांदी पडली तर ते मरतील म्हणून त्याने ती चोचीत धरली आणि तसाच उडत राहिला. या ऋषींना कोणी बांधलं नव्हतं. ते आपण होऊन लटकले होते आणि त्यांच्या त्या स्थितीचा मान गरुडासारख्यानेही राखला.

दुसरे जरत्कारूचे पितर. जरत्कारू ब्रह्मचारी तपस्वी, लग्न करायचं नाही असं ठरवून हिंडत होता. एका खड्ड्यात त्याला काही म्हातारे उलटे लटकलेले दिसले. वाळ्याच्या एका काडीला धरून होते. काडीचं एकच मूळ शिल्लक, आणि तेही उंदीर कुरतडतोय. विचारलं तर म्हणाले, आमच्या वंशात एकच जण उरलाय, जरत्कारू नावाचा, तो लग्न करत नाही, म्हणून आमची ही गत. आपल्याच पूर्वजांना तो विचारत होता आणि त्याला माहीत नव्हतं. हे पितर लटकले ते दुसऱ्याच्या निर्णयामुळे. मग त्याने वासुकीच्या बहिणीशी लग्न केलं आणि त्यातून आस्तिक झाला, ज्याने सर्पसत्र थांबवलं.

पाश्चात्त्यांकडे ओडिनची कथा आहे. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांचा देव. स्वतःलाच स्वतःचा बळी म्हणून जगवृक्षावर नऊ रात्री लटकला आणि शेवटी त्याला रून अक्षरांचं ज्ञान झालं. बऱ्याच टॅरो पुस्तकांत या पत्त्यासोबत ओडिन येतो.

आणि उलट्या झाडाचं म्हणाल तर गीतेचा पंधरावा अध्याय, 'ऊर्ध्वमूलमधःशाखम्'. मुळं वर, फांद्या खाली. ज्ञानेश्वरीत माउलींनी हे झाड किती तपशिलात उलगडलंय! ते वाचून पुन्हा हा पत्ता पाहिला की वाटतं, झाडच उलटं असेल तर हा माणूस सरळ आहे. अर्थात पत्ता काढणाऱ्यांच्या मनात गीता होती असा माझा दावा नाही. मी माझ्या शिदोरीतून पाहतोय इतकंच.

सातरस्ता

मी अंधश्रद्धेच्या विरोधात काम करणारा माणूस आहे, तेव्हा माझी बाजू मांडतो. इथल्या कोणाचा अवमान करायचा नाही.

१९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं 'स्वतंत्र' व्यक्तिवर्णन म्हणून कागद दिले आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. खरं तर सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातला बराचसा भाग त्याने एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलला होता. 'तुम्हाला त्याग करावा लागणार' हे वाक्य याच जातीचं. सोलापुरातल्या कुठल्याही चाळिशीतल्या बाईला सांगा, तिला ते पटेलच. कारण तिने तो आधीच केलेला असतो!

चित्र पाहून स्वतःला प्रश्न विचारणं याला माझा विरोध नाही. तो विचार करण्याचा एक मार्ग आहे. विरोध आहे तो पत्त्याच्या नावाने दुसऱ्याच्या नोकरीचा निकाल देण्याला. कंबरतलाव ताई, तुमच्या जावेला सांगा की गठ्ठ्यात ७८ पत्ते असतात, त्यातलं एक पान निघणारच होतं. त्या पानाला तिच्या ऑफिसचं काही माहीत नाही.

कंबरतलाव

सातरस्ता, शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. पत्ता निकाल देत नाही, असं मीही समोरच्याला आधीच सांगते. आणि चाळिशीतल्या बाईबद्दल जे लिहिलंत ते वाचून गलबलून आलं.

पूर्वभाग

नमस्कार ताई. मी पहिल्यांदाच लिहितेय इथं. आमचं घर विणकरांचं, आजोबा तेलंगणातून आले, आधी हातमाग होते, मग यंत्रमाग. टॅरो मला माहीत नाही. पण तुम्ही सांगितलेलं चित्र वाचून मला आमच्या मागच्या अंगणातल्या लडी आठवल्या बघा.

सूत रंगवून काढलं की लडी बांबूवर घालून वाळायला टांगतात. टांगलेली लडी बघणाऱ्याला वाटतं, काम थांबलंय. पण तेव्हाच काम चाललेलं असतं की. पाणी खाली उतरतं, त्याच्यासोबत रंगपण उतरतो. लडी तशीच सोडली तर वरचं टोक फिकं राहतं आणि खालचं गडद होतं, मग चादरीत पट्टा दिसतो. म्हणून माझी आजी मधूनमधून जाऊन प्रत्येक लडी बांबूवर थोडी थोडी सरकवायची, खालचं वर, वरचं खाली. आणि घाई करून ओल्या सुताच्या कांड्या भरल्या तर सूत तुटतंच. व्यापारी दारात बसला असला तरी आजी लडी काढू द्यायची नाही. "अजून ओली आहे" एवढंच सांगायची.

तुमचा तो माणूस मला तसा वाटला. त्याला कोणी शिक्षा दिली नाही, त्यानं काही सोडलंपण नाही. तो वाळेपर्यंत थांबलाय. बढती घेऊ की नको, हे ठरवायलापण तेवढा वेळ लागतो की ओ ताई. घरातल्यांनी आणि ऑफिसनं तो वेळ द्यायला पाहिजे.

चित्रशाळा

पूर्वभाग, या पत्त्यावरची मी वाचलेली पुस्तकं एका बाजूला आणि तुमचा हा प्रतिसाद एका बाजूला. लिहीत राहा.

एक जोड देतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये गोल्डन डॉन नावाचं गूढविद्येचं मंडळ होतं, वेट आणि स्मिथबाई दोघंही त्यात होते. त्या मंडळाने प्रत्येक मोठ्या पत्त्याला एकेक हिब्रू अक्षर आणि त्यासोबत तत्त्व, ग्रह किंवा रास नेमली होती. टांगलेल्या माणसाला अक्षर मिळालं मेम, आणि तत्त्व मिळालं पाणी. चित्रात पाण्याचा थेंबही नाही, त्यामुळे हे वाचताना मला नेहमी ओढूनताणून केलेलं वाटायचं. लडीतून उतरणाऱ्या पाण्याचं वाचल्यावर आज पहिल्यांदा ते पटलं.

नवीपेठ

छान चाललीय चर्चा. एक बाळबोध प्रश्न. हा पत्ता वाचताना उलटा आला तर? म्हणजे माणूस सरळ उभा दिसेल. मग अर्थ काय घ्यायचा? यूट्यूबवर कोणी म्हणतं वाया गेलेला त्याग, कोणी म्हणतं सुटका, कोणी म्हणतं हट्टीपणा.

चित्रशाळा

नवीपेठ, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. यावर एका विद्वानाने अख्खा सिद्धांत मांडला होता. १७८१ मध्ये फ्रान्समध्ये कूर द जेबेलाँ यांनी टॅरोवर निबंध छापला. टॅरो हे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे ही कल्पना तिथूनच पसरली, आणि तिला काही आधार नाही. त्यांचं म्हणणं असं की चार मुख्य सद्गुणांपैकी न्याय, धैर्य, संयम हे तीन टॅरोत आहेत, मग चौथा, सावध विवेक, कुठे गेला? तर तो हाच पत्ता. पत्ते बनवणाऱ्या अडाणी कारागिराने चित्र उलटं छापलं! मुळात हा माणूस एका पायावर उभा आहे, दुसरा पाय उचललेला, पुढचं पाऊल कुठे टाकावं याचा विचार करत. त्यानंतर एतेइला यांनी भविष्य पाहण्यासाठी संच काढला, त्यात खरंच सरळ उभी विवेकाची आकृती आली.

इतिहास म्हणून हे साफ चूक आहे. बदनामीच्या भिंतचित्रांचा पुरावा पाहता माणूस पहिल्यापासून उलटाच होता. पण पत्ता उलटा आला तर काय वाचावं, यासाठी मला यूट्यूबवरच्या कुठल्याही अर्थापेक्षा ही जुनी चूक जास्त कामाची वाटते. पाऊल उचललंय, अजून टाकलेलं नाही.

कंबरतलाव

मी उलट्या पत्त्याला वेगळा अर्थ लावत नाही. फक्त विचारते की दोर सैल झालाय असं वाटतं का, आणि वाटत असेल तर अजून लटकून का आहेस. कधीकधी दोर केव्हाच सुटलेला असतो आणि सवयीने माणूस तसाच राहतो. पण चित्रशाळा सरांचं उचललेलं पाऊल मी आता वापरणार.

सगळ्यांना एक सांगायचं होतं. परवा रात्री भांडी आवरून झाल्यावर हा धागा जावेला वाचायला दिला. पत्ताही समोर ठेवला. मी काही सांगितलं नाही, तिलाच विचारलं, दोर कोणी बांधलाय? बराच वेळ ती पत्ता हातात धरून होती. मग म्हणाली, "घरात कोणी जाऊ नको म्हणालंच नाही ताई. मीच कोणाला विचारलं नाही." आतल्या खोलीतून सासूबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, माझा गुडघा माझा मी बघेन, बाई ठेवा दिवसाची, पण पोरीची परीक्षा होऊ दे आधी. मुलीला विचारलं तर तिचं म्हणणं वेगळंच, तिला आई घरात नसली तर अभ्यास जास्त होईल असं वाटतं. त्यावर मायलेकींचं जुंपलं.

निर्णय अजून झालेला नाही. तिने साहेबांकडे मार्च संपेपर्यंतचा वेळ मागितलाय. ते काय म्हणतात ते अजून कळायचंय. पूर्वभाग, तिने तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि फोनवर फोटो काढून ठेवलाय.

सातरस्ता

हे वाचून बरं वाटलं. एक आग्रह: ज्या बाईंनी पैसे घेऊन 'बढतीचा विचार सोडा' सांगितलं, त्यांच्याशी शांतपणे बोला. भांडायला नको. त्यांच्याकडे रोज कोणीतरी अशीच अडकलेली बाई येत असेल.

कंबरतलाव

हो, जाणार आहे. पत्ता घेऊनच जाणार आहे.

पार्कचौक

ताई, दोन दिवस तुमचं उत्तर डोक्यात होतं. गळ्याचा दोर आणि पायाचा दोर हा फरक मान्य. वेट यांचं म्हणणंही मान्य. पण वलय पाहिलं की माझ्या मनात अजूनही ते चौघेच येतात, आणि ते येऊ नयेत असं मला वाटतही नाही. चित्र लंडनमध्ये निघालं तरी पाहणारा सोलापूरचा आहे. तुमच्या जावेचं वाचन तिचं, माझं माझं. फक्त माझ्या वाचनावरून मी दुसऱ्या कोणाला काही सोडायला सांगणार नाही, एवढं या धाग्यावरून ठरवलंय.

पारायण

पार्कचौक, +१. पितर आणि वालखिल्य दोघेही एकाच पर्वात आहेत, व्यासांनाही एकाच अर्थावर थांबावंसं वाटलं नाही.

ताई, तेराव्या पत्त्यावर धागा काढाच. घोड्यावरच्या त्या सांगाड्यासमोर एक लहान मूल गुडघे टेकून आहे आणि ते अजिबात घाबरलेलं नाही, त्याबद्दल मला बरंच बोलायचंय.

कंबरतलाव

काढते. परीक्षेची गडबड आहे घरात, पुढच्या आठवड्यात. चित्रशाळा सर, तोवर मार्सेयचा बारावा आणि तेरावा पत्ता शेजारी शेजारी ठेवून फोटो टाकाल का? छाटलेले खुंट नीट पाहायचे आहेत.

चित्रशाळा

रविवारी टाकतो. माझ्या प्रतीत खुंटांचा रंग उडालाय, शाळेतल्या स्कॅनरवर काढून पाहतो.